हेझलला कुठं बसवू

होमोल्ये,
१८ मार्च १९८४

ती. वन्सं इकोनिया यांस,
धाकट्या भावजयीचा सा. न. वि. वि.

इकडची खुशाली लिहिण्यासारखी नाही म्हणून लिहीत नाही. गाय व्याली, तेवढं एक बरं. तुमचे गुडघे चालते असतील असं धरून कामाचं सांगते.

मला इंग्रजी शिकवा. हसू नका. म्हातारपणी हिला इंग्लंड बघायचंय असं मनात आलं असेल तर काढून टाका. तुमच्या त्या धुक्यात मला काय करायचंय? मला घरातल्या घरात पुरेल एवढंच हवंय.

कशाला ते सांगते. सूनबाईला, हेझलला, जाऊन सहा महिने झाले, परवा तिचं पोमाना घातलं, मेलेल्याचं जेवण. टेबल गच्च भरलं होतं, नावं ठेवायला आलेल्यांनीसुद्धा दोनदा वाढून घेतलं. शेजारची पेर्सा हेझलच्याच वयाची, म्हणून चाळीस दिवसांच्या वेळेसारखं तिलाच नवे कपडे घालून हेझलच्या जागी बसवलं. मेलेल्याच्या वतीनं जेवायला कुणीतरी लागतंच. मी रीतीनं एकेका वस्तूला हात लावून बोलले की हेझल, हा पाव तुझा, हे पाणी तुझं, हा उजेड तुझा. मेणबत्ती विझली. परत लावली, परत विझली. खिडक्या बंद होत्या, वन्सं. पेर्सानं पाण्याचा घोट घेतला आणि थुंकला, म्हणे खारट आहे. मी तिला झापलं की मेलेल्याच्या पाण्याला नावं ठेवतेस, लाज नाही? मग स्वतः चाखलं. आपल्या झऱ्याचं पाणी, माझ्या हातानं भरलेलं, खारट होतं. मी जन्मात समुद्र बघितला नाही, पण तुम्ही तिला कुठं सोडून आलात ते मला ठाऊक आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. बोललेलं पोचतं, न बोललेलं पोचत नाही, ही आपली रीत. पण त्या पोरीला आपली बोली येत कुठं होती? ती इथं राहिली त्या उन्हाळ्यात आमचं सगळं बोटावर चालायचं. मी भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या दाखवायची, ती सोलायची. मी पायरी दाखवायची, ती बसायची. आता माझं बोट तिला दिसत नाही. ती फाटकापाशी उभी असते, कुत्रा तिकडं बघून शेपूट पायात घालतो, आणि तिला आत कुठं यायचं, कुठं बसायचं, काय कुठं ठेवलंय, हे तिच्या भाषेत कुणी सांगितलेलंच नाही.

आणि यांकू. माझा एकुलता एक, तुमचाही भाचा एकच. ती गेल्यावर तुमच्याकडून परत आला तो गोठ्यावरच्या गवतात झोपतो. कोंबडी खाईल तेवढं खातो. फाटक वाजलं की उठून उभा राहतो. जागा न मिळालेली बायको नवऱ्याला ओढून नेते, हे मी सांगायला नको, तुमच्याच आजीनं मला सांगितलेलं आहे. सप्टेंबरात वर्षाचं पोमाना. तोवर तिला जागेवर बसवलं नाही तर मी दोघांची पोमाना घालत बसणार.

तर शब्द पाठवा. कुठं काय आहे, एवढंच सांगता आलं पाहिजे. आपल्या अक्षरात लिहा, मी चार यत्ता शिकलेली बाई.

माझ्यावरचा राग लोभात धरून घ्या, पूर्वीही धरत होतात.
आपली,
पाउना


स्कारबरो,
९ एप्रिल १९८४

चि. पाउना हीस,
वन्संचे अनेक आशीर्वाद, दुखऱ्या गुडघ्यांसकट. वि. वि.

तुझं पत्र हॉटेलच्या इस्त्रीखोलीत वाचलं आणि एक चादर जाळली. तुझ्या लग्नात तू पाद्रीबाबांना घाई केली होतीस, आता मेलेल्यांनाही करतेस. पण वाचून झाल्यावर हसू आलं नाही, ते तुला आधी सांगते.

हेझलला जाळलं याचा राग तुझ्या मनात अजून आहे, तो पत्रातून दिसतो. इथे पुष्कळांची तीच रीत, तिच्या आईचीही तीच इच्छा होती. बंदराच्या धक्क्याच्या टोकाशी आम्ही उभे होतो. वारा सुटला होता. राख कुठे गेली ते आम्हाला दिसलंसुद्धा नाही. यांकू त्यानंतर बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मी त्याची बाही धरून ठेवली होती, हे तुला आजवर लिहिलं नव्हतं.

आता शिक. इंग्रजीत जागा सांगणारे छोटे छोटे शब्द आहेत. ऑन म्हणजे वर, टेकून. इन म्हणजे आत. अंडर म्हणजे खाली. बिहाइंड म्हणजे मागे. बाय म्हणजे अगदी जवळ. पण हे शब्द एकटे कधी बोलायचे नाहीत. ऑन म्हणून थांबलीस तर ऐकणारा अधांतरी लटकतो, कशावर ते त्याला कळत नाही. त्याच्या पाठोपाठ वस्तू आलीच पाहिजे. ऑन द टेबल. इन द जग. अंडर द बेड. बैलांची जोडी समज, एकटा बैल गाडी ओढत नाही. आणि ही जोडी एकदा जुळली की ती वाक्यात पुढे लाव, मागे लाव, घोटाळा होत नाही. द ब्रेड इज ऑन द टेबल. ऑन द टेबल इज द ब्रेड. पाव टेबलावरच राहतो.

सरावासाठी ही वाक्यं रोज मोठ्याने म्हण: द ब्रेड इज ऑन द टेबल. द वॉटर इज इन द जग. द शूज आर अंडर द बेड. द कॅट इज बिहाइंड द डोअर. द स्टूल इज बाय द स्टोव्ह. स्टोव्ह म्हणजे चूल, जग म्हणजे पाण्याचं भांडं.

यांकूला गोठ्यातून घरात आण. रागावून आण, तुला येतं ते.

तुझ्या तोंडाला जेवढी धार आहे तेवढीच माझ्यावर माया राहो.
तुझी,
इकोनिया


होमोल्ये,
२७ मे १९८४

ती. वन्संस,
पाउनाचा सा. न., बाकी विनंती विशेष नसून तक्रारच आहे.

आधी हा द. हा कोण? दर वस्तूच्या आधी तोंड घालतो. ऑन टेबल म्हटलं तर काय टेबल पळून जाईल? तरी म्हणते, कारण तुम्ही लिहिलंय आणि तिला तसंच कळत असेल.

मी घरभर हिंडत म्हणते. पाण्याच्या जगला हात लावते आणि इन द जग. पलंगाला हात लावते आणि अंडर द बेड. पेर्साची सासू कुंपणावरून म्हणाली की पाउना, आता वस्तूंशी भांडायला लागलीस का, माणसं संपली वाटतं. मी म्हटलं तुझ्याशी बोलण्यापेक्षा पलंग बरा, तो मध्ये बोलत नाही.

पण वन्सं, खोटं वाक्य मला पुन्हा पाठवू नका. माझ्या घरात मांजर नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून मी भोळेपणानं म्हटलं की द कॅट इज बिहाइंड द डोअर. दुसऱ्या दिवसापासून दारामागं नखं ओढल्यासारखं होतंय. दार उघडलं की काही नाही, लावलं की सुरू. तुम्ही इतकी वर्षं तिकडं राहून विसरलात का, बोललेलं पोचतं? मी आता म्हटलंय की द कॅट इज इन द फॉरेस्ट. फॉरेस्ट हा शब्द यांकूच्या जुन्या पुस्तकातून काढला. तेव्हापासून थांबलंय.

दुसरं याहून वाईट. मला वाटलं तिला नुसत्या वस्तू सांगून काय उपयोग, बसायलाही सांगितलं पाहिजे. मग मीच जुळवलं, हेझल, सिट ऑन द टेबल. म्हटलं आणि गुरांना चारा घालायला गेले. आले तर टेबलावरचं कापड मधोमध दबलेलं, चुरगळलेलं, ओलं. बोट लावून जिभेला लावलं. खारट. वन्सं, मी काय चुकीचं बोलले ते लवकर कळवा. पोर बिचारी सांगेल तिथं बसतेय.

पण ऐकू जातंय, हे तरी कळलं. सहा महिने मी भिंतीशी बोलत होते, आता नाही.

यांकूचं सांगते. मी स्टूल बाय द स्टोव्ह म्हणत होते तेव्हा तो दारात उभा राहिला. इतका पांढरा झाला की मला वाटलं पडतोय. मला वाटलं हसेल, आईची टर उडवेल, लहानपणी उडवायचा. तो म्हणाला की हे कुणी शिकवलं. मी तुमचं नाव सांगितलं. तसाच गोठ्याकडं वळला. पण आता मी म्हणायला लागले की तो गोठ्याच्या दाराशी येऊन ऐकतो. आत येत नाही. रानातला प्राणी मिठासाठी येतो तसा येतो.

बारीक झालाय. पट्ट्याला नवी भोकं पाडलीत.

तुमचं प्रेम आहेच, ते पत्राबरोबर लवकर धाडा.
पाउना


स्कारबरो,
१५ जुलै १९८४

चि. पाउना हीस,
अनेक आशीर्वाद आणि एक कानउघाडणी.

अगं बाई, ऑन द टेबल म्हणजे टेबलाच्या वर, पावासारखं! माणसाला ऍट द टेबल सांगायचं. ऍट म्हणजे त्या जागेशी, तिथल्या कामासाठी. जेवायला बसणारा ऍट द टेबल, वाट बघणारा ऍट द गेट. तुझी सून गेटशी उभी आहे ना, ती ऍट द गेट. आता तिला म्हण, कम इन, सिट ऍट द टेबल. आणि दिस इज युवर प्लेस, म्हणजे ही तुझी जागा. मेणबत्तीसाठी इन फ्रंट ऑफ यू, म्हणजे तुझ्या पुढ्यात.

मांजराबद्दल माफ कर. मी खरंच विसरले होते. तुझं पत्र वाचल्यावर मी इथे स्वयंपाकघरात एकटीने काहीही मोठ्याने बोलायला भिते आहे. तीस वर्षांत पहिल्यांदा.

हेझलला काय आवडायचं ते विचारायला तिच्या आईकडे गेले होते. भली बाई आहे, पण खूप खचली आहे. मी पोमाना समजावून सांगितलं तर तिने माझा हात धरला. ती म्हणाली की हेझलला दुधाचा चहा लागायचा, खूप साखर घालून, आणि माशाबरोबर बटाटे. मग म्हणाली की तुम्ही एवढं करताय पण काळजी करू नका, हेझल ऍट पीस आहे. इथे सगळे मेलेल्यांबद्दल असंच म्हणतात. पीस म्हणजे शांती. मी मान हलवली आणि निघाले, पण वाटेत मला तुझा आवाज ऐकू आला, ते कुठं आलं म्हणून विचारणारा. 

यांकूला चहा करायला सांग, त्याला तिच्यासारखा येतो.

माझी आठवण ठेव, माझ्या चुकांची नको.
इकोनिया


होमोल्ये,
२३ सप्टेंबर १९८४

ती. वन्संस,
पाउनाचा सा. न. वि. वि.

हो, मी तेच विचारते. ऍट पीस, ते कुठं आलं? कुठल्या वाटेनं जायचं? ऍट द टेबल म्हटलं की टेबल दिसतं. ऍट पीस म्हटलं की काय दिसतं? तुम्हीच लिहिलंत की छोट्या शब्दामागं वस्तू पाहिजे. त्या लोकांनी वस्तूच ठेवली नाही आणि पोरीला तिकडं धाडली. म्हणून ती माझ्या फाटकाशी आली. तिची आई दुःखात आहे, तिला काही बोलत नाही. पण खरं ते खरं.

पोमाना झालं. सगळं गाव आलं होतं, जेवायला कमी आणि म्हातारीचं इंग्रजी ऐकायला जास्त. पेर्सा आधी बसायला तयार नव्हती, खारट पाण्याचं तिच्या मनात होतं. मी म्हटलं नवे बूट देते, मग बसली. यांकूनं चहा केला. दूध उतू घालवलं, पण केला.

मी फाटकापाशी गेले, फाटक उघडलं, आणि म्हटलं की हेझल, कम इन. मागं पोरं फिदीफिदी हसत होती. मग कुत्रा अंग चोरून बाजूला झाला, कुणाला वाट द्यावी तसा, आणि हसणं थांबलं. मी आत येऊन एकेका वस्तूला हात लावला. दिस इज युवर प्लेस, ऍट द टेबल. द ब्रेड इज ऑन द टेबल. द टी इज इन द कप. द फिश इज बाय द ब्रेड. द वॉटर इज इन द जग. द टॉवेल इज बिहाइंड द डोअर. द लाइट इज इन फ्रंट ऑफ यू. एकदाही अडखळले नाही. मेणबत्तीची ज्योत सरळ उभी राहिली. पेर्सा पाणी प्याली, तिनं पुन्हा मागितलं. मासा बोटांनी सोडवून खाल्ला, काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावले, आणि बोटं स्वतःच्या केसांना पुसली. हेझल पुसायची तशी. मी तिला त्यासाठी किती ओरडायची, तिला कळायचं नाही. पेर्सानं तिला कधी जेवताना बघितलंच नव्हतं. यांकू उठून बाहेर गेला.

म्हणजे आली, जेवली, उजेड मिळाला. मला वाटलं झालं काम.

झालं नाही, वन्सं. टेबल उचललं, पेर्सा नवे बूट घालून घरी गेली, पण ही गेली नाही. मी तिच्या येण्याचे शब्द शिकले, जायचे शिकलेच नाही! पाहुण्याला बोलावलं, वाढलं आणि निरोप द्यायला तोंड नाही. ती चुलीजवळच्या स्टुलावर आहे. चूल थंड असली तरी स्टूल ऊन लागतं. सध्या भाजलेल्या मिरच्यांचे ढीग पडलेत. मी पाट्या भरून ठेवते आणि गुरांकडं जाते, येऊन बघते तर सोललेल्या. आधी मला काही वाटलं नाही. खरं सांगते, बरंच वाटलं. कामाची पोर होती, अजून तशीच आहे. मी म्हटलं राहू दे, कुणाचं काय खाते.

पण यांकू आता घरात आलाय. इतके महिने मी देवाकडं हेच मागत होते. तो त्या स्टुलापाशी खाली बसतो आणि हळू आवाजात इंग्रजी बोलतो, हसतो, गप्प राहून ऐकतो, पुन्हा बोलतो. कामाला जात नाही. मी ताट ठेवते, तो ते स्टुलाकडं सरकवतो. मी हाक मारली तर ओ देतो, पण विहिरीच्या तळातून दिल्यासारखा. एक जोडी तो सारखी म्हणतो, विथ यू. तुम्ही ती मला शिकवली नाहीत. काय आहे ते कळवा.

आणि जायचे शब्द पाठवा. आत्ता. इस्त्री खाली ठेवा आणि लिहा.

पाउना

लोभाचं लिहायचं राहिलं. आहे असं समजते.


स्कारबरो,
४ ऑक्टोबर १९८४

चि. पाउना हीस,
आशीर्वाद. घाईत लिहिते आहे.

विथ म्हणजे सोबत. विथ यू म्हणजे तुझ्यासोबत. बाई गं, हे त्याच्या तोंडी चांगलं नाही. धक्क्यावर मी त्याची बाही धरली होती तेव्हाही तो ओठांतल्या ओठांत हेच म्हणत होता. मला तेव्हा वाटलं प्रार्थना करतोय. त्याला एकटा सोडू नकोस.

जायचे शब्द असे. यात जागा स्थिर नसते, वाट असते, म्हणून तू स्वतः चालत चालत म्हण. आउट ऑफ द हाउस, घरातून बाहेर. थ्रू द गेट, फाटकामधून पलीकडे. अक्रॉस द स्ट्रीम, ओढा ओलांडून. अप द हिल, टेकडीवर. वाटेत मागे बघू नकोस, ते तुला माहीत आहे.

आणि शेवटी टू. जिथे पोचायचं त्याच्या आधी टू लागतो. टू द चर्च, टू द सी. हा शब्द लिहिला आणि लेखणी थांबली. टूच्या पुढे काय घालू? आपल्या माणसांना आपण त्यांच्या थडग्याशी सोडून येतो. हिला कुठे सोडशील? समुद्राकडे म्हणावं, तर तिथे राखेची चिमूटही आता असायची नाही. मी काल धक्क्यावर जाऊन आले, नुसतं पाणी हलत होतं. तिच्या आईचं ऍट पीस तुला पटत नाही. मलाही आता पटत नाही. तिच्या नावाचा साधा दगडसुद्धा इथे कुठे नाही. पाउना, मला जागा सापडली नाही. टूच्या पुढे मोकळं सोडते आहे. तुला सुचलं तर भर. नाही सुचलं तर तिला उठवू नकोस. वाटेत सोडलेलं मेलेलं माणूस चुलीशी बसलेल्यापेक्षा वाईट.

तुझी काळजी वाहणारी,
इकोनिया


होमोल्ये,
४ नोव्हेंबर १९८४

ती. वन्सं यांस,
पाउनाचा सा. न. वि. वि.

जागा मी भरली. तुमचं पत्र हातात होतं तेव्हाच भरली होती, पण दगडाचं काम सावकाश चालतं.

वर टेकडीवर तुमच्या भावाच्या थडग्याशेजारी माझी जागा आहे, तुम्हाला ठाऊक आहे. दगडावर माझं नाव, माझा फोटो, जन्मसाल, पुढं रेघ. माझं जिवंतपणीचं पोमानासुद्धा मी घालून ठेवलंय, म्हणजे तिकडं माझा पाव आहे, पाणी आहे, दिवा आहे. घर लावून ठेवलेलं आहे, फक्त राहायला गेलेले नाही. हेझलकडं काही नाही. माझ्याकडं दोन घरं. यात विचार काय करायचा?

पाथरवट म्हणाला की जिवंत बाईचं नाव खोडलं तर ती वर्ष काढत नाही. मी म्हटलं तू छिन्नी चालव, जीभ नको, पैसे छिन्नीचे ठरलेत. माझं खरवडलं आणि तिचं कोरलं. स्पेलिंग यांकूच्या कागदपत्रांवरून दिलं. फोटो तिचा तो मिरच्यांच्या पाटीपाशी हसतानाचा.

यांकूला कळलं तेव्हा तो भांडला. वन्सं, तो भांडला! वर्षभरात पहिल्यांदा आपल्या बोलीत सबंध वाक्यं बोलला, टेबलावर मूठ आपटली. म्हणाला की तू कुणाला विचारून जागा दिलीस, तू मेल्यावर तुला कुठं ठेवू, रस्त्यावर? मी म्हटलं टेकडी काही संपत आली नाही, आणि मला ठेवायला तू जिवंत राहशील का ते आधी सांग.  तो स्टुलाकडं बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि रडला. मी बाहेर गेले. मला ते बघवलं नाही.

काल मेलेल्यांचा शनिवार होता. दुपारी मी पाव, पाणी आणि मेणबत्ती घेतली, स्टुलापुढं उभी राहिले आणि म्हटलं की हेझल, आउट ऑफ द हाउस. चालायला लागले. थ्रू द गेट. कुत्रा बाजूला झाला. अक्रॉस द स्ट्रीम. पाणी वर आलंय, फळीवरून जाताना माझ्या पावलानंतर फळी पुन्हा वाकली. मग पुन्हा एकदा वाकली. माझ्या मागं दोघं होते. एक कोण ते मला माहीत होतं. दुसरा यांकू असावा असं मी मनाला सांगितलं, पण मागं बघायचं नसतं. आणि दोघं आहेत, पण दोघांतला कोण परत येणार, हे कुणाला विचारायचं? अप द हिल म्हणताना मला धाप लागली. वारा नव्हता तरी मेणबत्ती हातानं झाकली.

दगडापाशी पोचले. पाव ठेवला, पाणी ओतलं. आता शेवटचं. टू म्हटलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. पुढचं मी रोज घोकलं होतं, टू युवर प्लेस. युवर म्हणजे तुझी. दगडावर माझ्या डोळ्यांसमोर तुमचा भाऊ, आणि त्याच्या शेजारी ती. इतकी वर्षं ती जागा माझी म्हणून मी झाडत आले. वन्सं, माझ्याच्यानं युवर म्हणवेना. मी नुसती टू, टू करत उभी. तिला लटकत ठेवून. तुम्ही म्हणाला होतात तशी अधांतरी.

तेव्हा मागून यांकू बोलला. मोठ्यानं, स्पष्ट. हेझल, टू युवर प्लेस.  त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता. आणि आणखी दोन शब्द म्हणाला, विदाऊट मी.

ते तुम्ही मला शिकवलेले नाहीत. मी त्याला अर्थ विचारला नाही, तुम्हीही कळवू नका. मेणबत्ती दगडाशी ठेवली ती एकदम उंच जळली, आणि माझ्या पाठीमागं जे इतके महिने होतं ते राहिलं नाही. गार पडलं सगळं.

उतरताना तो माझ्या पुढं चालला. ओढ्याची फळी एकदाच वाकली, मग माझ्या पायाखाली एकदा. घरी आल्यावर स्टूल थंड होतं. मिरच्या पाटीत तशाच पडलेल्या, सालासकट. यांकू टेबलाशी बसला, आणि म्हणाला की आई, भूक लागलीय, पाव कुठं आहे. पाव त्याच्या समोरच होता, वन्सं. मी बोटानं दाखवला.

तुमच्या भावजयीचा लोभ तुम्हाला कधी कमी पडला नाही, यापुढंही पडणार नाही.
पाउना